कोकणाकडे रोखलेली तोफ

आमच्या सुभेदारांच्या मते कोकण हा शत्रूचा मुलूख होता. कोकणातल्या कुणी त्यांचं कधी काही वाकडं केलं होतं असं अजिबात नाही. उलट चिपळूणहून येणारा सुका बोंबील ते मिटक्या मारत खायचे आणि वर मला सांगायचे, "शत्रूचा माल हाय बाई. ठिवून चालत न्हाई, संपवाय लागतो." हापूसच्या दिवसांत तर शत्रूची इतकी दाणादाण उडवायचे की काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आंब्याची पेटी धान्याच्या कणगीमागे लपवावी लागायची.

खरं म्हणजे ते सुभेदारही नव्हते. सैन्यातून हवालदार म्हणूनच घरी आले होते. पुढची बढती त्यांना गावानं दिली आणि त्यांनी ती मोठ्या मनानं स्वीकारली.

मी मूळची आष्ट्याची. पाटणजवळच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीत माझी नेमणूक झाली आणि राहायला खोली शोधत मी सुभेदारांच्या दारात पोचले. गावाच्या पुढे कोयना, मागे गड. गडाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही रविवारी याल, तटावर उभं राहून रील काढाल, वेफर्सची पिशवी तिथेच टाकाल, आणि मग सुभेदार तुमचं काय करतील याची जबाबदारी माझ्यावर येईल.

"खोली हाय," सुभेदार म्हणाले. "पर आदी गडावर जाऊन याय लागंल."

मला वाटलं, नवस वगैरे असेल. "देवदर्शनाला का?"

"न्हाई. तुमी कशा हायसा ते बगाय."

तर ही त्यांची पद्धत होती. भाडेकरू असो, जावई असो, ऊसतोडीचा मुकादम असो, ज्याच्याशी संबंध जोडायचा त्याला आधी गडावर न्यायचं. पायथ्याला दगडांचा खच पडलेला. त्यातला एक दगड प्रत्येकानं उचलायचा आणि वर न्यायचा, कारण पश्चिमेचा तट एका जागी ढासळला होता आणि तो पुन्हा उभा करायचं सुभेदारांनी मनावर घेतलं होतं. कुठला दगड घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सुभेदार त्यात एक अक्षर बोलत नसत. नुसते बघत. मोठा धोंडा उचलून मिशीला पीळ देणारा अर्ध्या वाटेत तो हळूच झुडपात सोडून देतो, हे त्यांना पाठ होतं. कुणी चिमूटभर खडा उचलला तर त्याच्याशी व्यवहार करायचा नाही. आणि जो आपला दगड दुसऱ्याच्या हातात देतो त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही.

मी एक चपटा, बेताचा दगड उचलला. वाटेत दम लागला तेव्हा तो खाली ठेवला आणि त्यावर बसले. मग उठून पुन्हा घेऊन चालले. वर पोचल्यावर सुभेदारांनी विचारलं, "चपटाच का घेटला?"

"बसायला बरा म्हणून."

ते एवढे हसले की तटावरचे होले उडाले. "आष्ट्याची मानसं सपाटीची. चढ दिसला की आदी बसायची सोय बगत्यात." खोली मला मिळाली. शिवाय त्या दिवसापासून ते मला गडावरच्या प्रत्येक मोहिमेत पंच म्हणून नेऊ लागले. नकार द्यायची सोय नव्हती. खोलीचा जिना त्यांच्या ओसरीतून होता.

कोकणाचं वैर कुठून आलं ते मी त्यांना एकदा सरळच विचारलं. आम्ही पश्चिमेच्या तटावर बसलो होतो. समोर घाटमाथ्याच्या रांगा, त्यांच्यापलीकडे नुसता धुरळा. ते म्हणाले, "ह्यो गड बांदला कशासाठी? घाटानं वर येनाऱ्यावर नजर ठिवाय. व्हय का न्हाई?"

"व्हय. पण ते तेव्हा."

"मग ती ड्यूटी कुनी उठवली? ऑर्डर दावा मला."

ऑर्डर माझ्याकडे नव्हती. ती कुणाकडेच नसणार. ज्या राजानं गडावर पहारा बसवला त्यानं तो उठवल्याचं कुठे ऐकिवात नाही, म्हणजे पहारा चालू आहे. या युक्तिवादाला उत्तर द्यायला मी वकील लावायला हवा होता.

म्हणून मग रविवारी सुभेदार गडाच्या पडक्या दरवाजात उभे. हातात वेताची काठी, डोक्याला लोकरीची टोपी, उन्हाळा असला तरी. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठनं आलासा?" पुणं म्हटलं की, "जावा. पानी हाय का संगं?" सांगली म्हटलं की, "या, या. आपलीच की." आणि चुकून कुणी खेड, चिपळूण, गुहागर म्हटलं की सुभेदार दोन पावलं मागे सरकून त्याला नखशिखांत न्याहाळायचे आणि विचारायचे, "किती जन हायसा?" एकदा गुहागरकडच्या एका कुटुंबातल्या आजीबाईंनी त्यांना तोडीस तोड उत्तर दिलं. "आम्ही सहाच. बाकीचं सैन्य खाली गाडी लावतंय." सुभेदारांनी त्या आजींना स्वतः हात धरून वर नेलं. शत्रू दिलदार आहे, असा अहवाल संध्याकाळी काकींना दिला.

गडाचा पहारा त्यांना पुरत नव्हता म्हणून की काय, नदीकाठी बाग झाली. पूर्वी तिथे नुसती बाभळीची झुडपं होती. आता हिरवळ, झोपाळे, घसरगुंडी, उसाच्या रसाचा गाडा आणि मधोमध दगडी चौथऱ्यावर एक तोफ. खरी नव्हे, सिमेंटची, पण चाकं लोखंडी आणि फिरणारी. बाग बघून सगळं गाव खूश झालं. सुभेदार मात्र तोफेभोवती एक फेरी मारून कपाळाला हात लावून उभे राहिले.

तोफेचं तोंड पूर्वेला होतं. म्हणजे कराडकडे.

"आपल्याच मानसांवर तोफ लावलीया!" ते ओरडले. "बाई, तुमीच सांगा. कराडावर तोफ डागायची म्हंजी काय! माझी सासुरवाडी मलकापुरात!"

"मग तर बरंच आहे की," मी म्हटलं. काकी पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोफ पश्चिमेकडे वळलेली होती. बागेच्या माळ्यानं ती पुन्हा पूर्वेला केली. सुभेदारांनी पुन्हा पश्चिमेला. माळी बिचारा गरीब माणूस, पण चिवट. "सायबानी तसं बशिवलंय, तसंच ऱ्हायला पायजे," एवढंच त्याला ठाऊक. दोघांचं हे युद्ध कितीतरी महिने चाललं. दोघंही एकमेकांशी अगदी गोड बोलायचे, एकमेकांची तंबाखू खायचे, आणि पाठ वळली की तोफ फिरवायचे. गावातली माणसं फिरायला आली की आधी तोफ बघायची आणि आज कोण जिंकलं ते एकमेकांना सांगायची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी शुभी माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, "ताई, मेले मी."

शुभी म्हणजे सुभेदारांची एकुलती एक मुलगी. मुलगी शहाणी, वडलांची लाडकी आणि वडलांइतकीच हट्टी. ती चिपळूणला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ते एक सुभेदारांनी पचवलं होतं. "आपला एक मानूस तिकडं असल्याला बरा, खबर मिळती," असं ते सांगायचे. आता त्या माणसानं तिकडेच लग्न जमवलं होतं. मुलगा निलेश, बापाची चिऱ्याची खाण, हा स्वतः शाळेत शिक्षक. शिक्षण जुळत होतं, स्वभाव जुळत होते, काकींनी फोनवर मुलाच्या आईशी बोलून माशाच्या आमटीची कृतीसुद्धा घेतली होती. अडचण फक्त भूगोलाची होती.

"आप्पांना सांगितलंस?"

"सांगितलं. मग म्हनले, गडावर आन त्येला." शुभीच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, त्येंनी न्हाई म्हनलं तर मी पळून जानार न्हाई. आन दुसरं कुनाशी करनार पन न्हाई. मग हितंच म्हातारी व्हनार, त्येंच्या डोळ्याम्होरं."

मला तिचा तो बेत ऐकून सुभेदारांचीच दया आली. पण पोरगी हे गमतीनं म्हणत नव्हती.

ठरल्या रविवारी निलेश एसटीनं आला. उंच, काळासावळा, चष्मा, पाठीला फुगलेली पिशवी. नियमाप्रमाणे शुभी आणि काकी खाली नदीकाठच्या बागेत थांबल्या. उमेदवाराच्या बाजूचं कुणी वर यायचं नाही, हा दंडक होता. सुभेदार, निलेश आणि पंच म्हणून मी, असे तिघं पायथ्याला आलो. सुभेदारांनी दगडांच्या खचाकडे काठी केली.

निलेशनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. तिची चेन उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टॉवेल सोडला तर आतून निघाला लालभडक जांभा दगड. अर्धा चिरा, चांगला उशीएवढा, चारी बाजूंनी घडवलेला.

सुभेदारांच्या हातातली काठी तशीच हवेत राहिली. "ह्यो काय?"

"दगड," निलेश म्हणाला. "शुभांगी म्हणाली, गडावर दगड न्यावा लागतो. म्हणून आणला. आमच्या घराच्या गडग्यातला, कुंपणाच्या भिंतीतला आहे."

"चिपळूणास्नं आनलासा?"

"हो. म्हणजे…" त्यानं पायथ्याच्या खचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले. "इथलाच घ्यायचा होता का? मला वाटलं, ज्यानं त्यानं आपल्या घरचा आणायचा."

मी तोंड फिरवून एका घाणेरीच्या झुडपाचं फार बारकाईनं निरीक्षण करू लागले. माणूस अख्खा कुंभार्ली घाट मांडीवर धोंडा घेऊन चढून आला होता, आणि तोही नेमका शत्रूच्या खाणीतला. कंडक्टरनं काय म्हटलं असेल या विचारानं मला हसू आवरेना. सुभेदार मात्र हसले नाहीत. त्यांचाच नियम होता, दगड ज्याचा त्यानं ठरवायचा. तो त्यांना मोडता येईना.

"चला," ते म्हणाले आणि तरातरा पुढे निघाले. मीही नेहमीसारखा एक चपटा दगड उचलला.

वाटेत त्यांनी त्यांचे सगळे डाव टाकून बघितले. पहिल्या वळणावर म्हणाले, "लय जड झाला आसंल. द्या जरा बाईंच्याकडं." भलेभले इथे फसतात.

"नको," निलेश म्हणाला, "त्यांच्या हातात त्यांचा आहे की."

दुसऱ्या चढाला, जिथून पुढे निम्मी वाट उरते, तिथे सुभेदार नेहमी म्हणायचे, "दमला न्हाईसा न्हवं?" आणि तोंडाला फेस आलेला प्रत्येक पुरुष "छे छे" म्हणायचा.

"दमलो," निलेश म्हणाला. "बसूया का जरा?" आणि दगड खाली ठेवून त्यावर बसला.

मी सुभेदारांकडे पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं होतं, पण त्यांनी ते लगेच दाबलं. एखाद्या कराडच्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर तिथेच त्याला मिठी मारली असती. हा पडला चिपळूणचा.

वर पोचलो. पश्चिमेच्या तटाची पडलेली जागा आतापर्यंत बरीच भरत आली होती. काळ्या दगडांच्या थरात माझा चपटा दगडही कुठेतरी बसलेला होता. निलेशनं आपला चिरा शेजारी ठेवला. सुभेदार उकिडवे बसले आणि त्यांनी त्याच्यावर नख ओढलं. लाल भुकटी निघाली.

"मऊ हाय," ते म्हणाले. "तटात बसनार न्हाई."

"खाणीतून काढला तेव्हा याहून मऊ होता," निलेश म्हणाला. "उन्हा-वाऱ्यात राहिला की घट्ट होत जातो. आमचं घर याचंच आहे, आजोबांच्या वेळचं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे."

"आन तटात बसवल्यावर दगा दिला तर?"

"दगड काय दगा देणार, आप्पा?"

"म्या दगडाचं इचारत न्हाई," सुभेदार म्हणाले.

वारा सुटला होता. निलेशनं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "मी पण माझंच सांगतोय," तो म्हणाला. "नाही देणार."

सुभेदार उठले. चिरा तटाबाहेरच राहिला. "रिपोर्ट खाली देतो," म्हणाले आणि उतरायला लागले. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा राग आला. एवढा चांगला मुलगा, आणि हा म्हातारा तीनशे वर्षांपूर्वीचा पहारा देत बसलाय. मी मनातल्या मनात खोली बदलायचंसुद्धा ठरवून टाकलं.

बागेत तोफेच्या चौथऱ्यावर शुभी बसली होती. काकी उसाचा रस पीत होत्या. तोफ त्या दिवशी पश्चिमेकडे होती. सुभेदारांनी पाहुण्याच्या स्वागतासाठी सकाळीच खास फिरवून ठेवली होती. आम्हाला बघून शुभी उठली. वडलांच्या चेहऱ्यावर तिला काही वाचता येईना.

सुभेदार तोफेला टेकले. कुणाकडेच न बघता म्हणाले, "लय लांब हाय."

"आप्पा, घाट उतरला की आलं चिपळूण."

"पावसात दरड येती. घाट बंद पडतो. मग?"

"मग दरड काढत्यात, आप्पा."

"आन तवर?" सुभेदारांचा आवाज एकदम चिरकला. "तवर म्या हितं काय करू? पोर माझी पलीकडं, मदी डोंगर. म्या सरहद्दीवर हुतो तवा तुझी आई वाट बगायची. आता म्या बगत बसू व्हय?"

काकींनी पेला खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"बगा की," त्या म्हणाल्या. "माझी बगून झाली. आता तुमचा नंबर."

मी त्या बाईंना एवढी वर्षं ओळखत होते, पण असं वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सुभेदारांनीही नसावं. ते बायकोकडे बघत राहिले. शुभी रडायला लागली. निलेश काय करावं न कळून टॉवेलाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. शेवटी सुभेदारांनी निलेशकडे पाहिलं. "पाव्हनं, रस घ्या. आलं घालून घ्या, घसा सुकला आसंल." एवढं बोलून ते पुन्हा गडाच्या वाटेला लागले. काकींनी मागून हाक मारली, "आवं, आता कुटं?"

"दगड भाईर ऱ्हायलाय," ते न वळता म्हणाले.

पुढच्या रविवारी मी बघून आले. काळ्या तटात, बरोबर पश्चिमेच्या अंगाला, तो लाल चिरा बसवलेला होता. खालच्या वाटेवरूनही दिसायचा. सुभेदार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "त्यो आमच्या जावयाचा." कोकणातल्या माणसांना दरवाजात प्रश्न विचारणं मात्र चालूच होतं. फक्त एकाची भर पडली. चिपळूण म्हटलं की विचारायचे, "घाट चालू हाय न्हवं?"

लग्न झालं. पाठवणीला सुभेदार रडले नाहीत. वऱ्हाडाच्या गाडीचे टायर लाथ मारून मारून तपासत राहिले.

या सगळ्या गडबडीत बागेच्या माळ्यानं मात्र हार मानली होती. रोज तोफ फिरवून त्याची कंबर धरली. शेवटी त्यानं विचार केला, म्हाताऱ्याला पश्चिमच पाहिजे ना, मग होऊन जाऊ दे. त्यानं गवंडी बोलावला, तोफेचं तोंड पश्चिमेला करून घेतलं आणि चारही चाकं चौथऱ्यात पक्की करून टाकली. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी आम्ही फिरायला बागेत गेलो तर हा मोठ्या हौसेनं सुभेदारांची वाट बघत उभा. "या सुभेदार! बगा, कायमचं तुमच्या मनासारखं केलंया. आता भांडन न्हाई."

सुभेदार तोफेकडे बघत उभे राहिले. मग घरी गेले आणि पहार घेऊन आले. पहिला घाव चाकाखाली बसला तशी माळ्यानं बोंब ठोकली.

"आवं सुभेदार! डोकं फिरलं का काय? तुमीच म्हनत हुतासा न्हवं, तिकडं तोंड पायजे म्हनून!"

"तिकडं आता माझी पोर ऱ्हाती," सुभेदार म्हणाले आणि दुसरा घाव घातला.

मग माळ्यानंच पुढे होऊन दुसऱ्या बाजूचं चाक खिळखिळं करायला घेतलं. दोघांनी मिळून तोफ मोकळी केली. घाम पुसत माळी म्हणाला, "पर मग आता तोंड करायचं कुटं? कराडाकडं तुमची सासुरवाडी. वर पाटनात आमचं पाव्हनं."

सुभेदारांनी पहारीला टेकून चारी दिशांना नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. डोळ्यांत पाणी तरळत होतं आणि त्याच डोळ्यांत खोडीही होती.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं आष्टं नक्की कुठल्या अंगाला येतं वो?"

आपलं गाव वाचवण्यासाठी माणूस काहीही करतो. मी क्षणाचाही विचार न करता सरळ खोटंच नदीकडे बोट केलं. तोफ अजून तशीच आहे, कोयनेत डुंबणाऱ्या म्हशींवर रोखलेली.